ऑरेंज ड्वार्फ क्रेफिश एक नंबर, पण 'कलर क्रॉस' सेटच्या नादी लागू नका

रेटिंग: जनावरांना पाचपैकी साडेचार, पॅकिंगला पाच, जेनेटिक्सच्या गप्पांना एक (तोही सेलर गोड बोलतो म्हणून).

सेलरचं नाव टाकत नाहीये, बाहेरच्या राज्यातला आहे, ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेतो. मी दोन गोष्टी मागवल्या. एक म्हणजे साधे ऑरेंज, म्हणजे आपले सीपीओ (टँकमध्ये पाळायचे, गोड्या पाण्यातले छोटे नांगीवाले प्राणी), साडेतीनशेला एक. दुसरा 'कलर क्रॉस ब्रीडर सेट', त्यात एक ऑरेंज बेरीड (पोटाखाली अंडी धरलेली) मादी आणि दोन ब्राऊन पिल्लं, ज्यांना तो 'हेट ऑरेंज' (दिसायला ब्राऊन, पण आत एक लपलेला ऑरेंज जीन) म्हणतो, सगळं मिळून अठराशे.

पॅकिंग खरंच बघण्यासारखं होतं. थर्माकोलचा बॉक्स, प्रत्येक जीव वेगळ्या पिशवीत, आत मॉसचा गोळा धरायला, बाजूला जेल पॅक. सगळे जिवंत, नांग्या शाबूत. एकाने तर पिशवीतच कात टाकलेली आणि तरी ठणठणीत. एअरलाइनच्या नळीने ड्रिप लावून सावकाश टँकमध्ये सोडले, संध्याकाळपर्यंत बदामाच्या पानाखाली जागेवरून मारामाऱ्या सुरू. साध्या ऑरेंजबद्दल तक्रार शून्य, रंग गाजरासारखा पक्का.

आता सेटकडे येतो. सीपीओ म्हणजे कॅम्बरेलस पात्झक्वारेन्सिस, मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या पात्झक्वारो सरोवराकडचा प्राणी, 1943 मध्ये विल्यालोबोसने नोंदवलेला. मूळ रंग मातकट ब्राऊन, ऑरेंज हा हौशी लोकांनी निवडून निवडून टिकवलेला. सेलरचं म्हणणं असं की बेरीड मादीची पिल्लं 'गॅरंटीड प्युअर ऑरेंज' आणि ती दोन ब्राऊन पिल्लं मोठी करून एकमेकांत लावली की 'अर्धी ऑरेंज'.

पहिली गॅरंटी तर त्याच्याच व्हिडिओत पडते. टँकमध्ये ऑरेंज आणि ब्राऊन एकत्र फिरतायत! या फॅमिलीतली मादी मीलनानंतर नराचं बीज पोटाखालच्या एका खोबणीत साठवून ठेवते आणि अंडी नंतर घालते, कधी कधी बऱ्याच आठवड्यांनी, त्यामुळे मिक्स टँकमधल्या बेरीड मादीच्या पिल्लांचा बाप कोण हे सेलरच काय, मादी पण सांगू शकणार नाही. विचारलं तर उत्तर, "सर फादर ऑरेंजच आहे, मी स्वतः पाहिलंय." बरं बाबा.

पिल्लं झाली, छान झाली (यांना अळीची स्टेज नसते, थेट मिनी क्रेफिशच बाहेर पडतो आणि काही दिवस आईला चिकटून राहतो). वाढून रंग धरला तेव्हा त्यात चांगलीच ब्राऊन निघाली. म्हणजे दोनच शक्यता. ऑरेंज रिसेसिव्ह (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असेल तर बापांत एखादा ब्राऊन नर नक्की होता. आणि ऑरेंज डॉमिनंट (एकाकडून आला तरी दिसणारा) असेल तर आईच मिक्स होती, म्हणजे तिच्यात ब्राऊनचाही जीन होता, पण मग त्या दोन ब्राऊन पिल्लांच्या पोटात लपलेला ऑरेंज जीन असूच शकत नाही, म्हणजे 'हेट' हा शब्दच बाद. कसंही फिरवा, सेटमधली एक ना एक गोष्ट खोटी निघतेच.

आणि 'अर्धी ऑरेंज' हे गणित तर शाळेतल्या मेंडेलच्या चौकटीत पण बसत नाही. एकच रिसेसिव्ह जीन धरला तरी हेट गुणिले हेट म्हणजे साधारण चारात एक ऑरेंज, आणि उरलेल्या ब्राऊनमध्ये तीनात दोन हेट, दिसायला सगळे सारखेच. अर्धी हवी असतील तर हेटला ऑरेंज लावावा लागतो. क्रेफिशमध्ये असा एकाच जीनचा रंग असतो हे खोटं नाही हं, प्रोकॅम्बरस अक्युटसचा निळा रंग रिसेसिव्ह आहे हे 1975 च्या अभ्यासात दाखवलंय, पण ती दुसरी जात, तिचं गणित इथे चिकटवून अठराशे मागायचे हे काही पटत नाही.

सोबत 'कलर बूस्टर' फूडचं पाकीट फुकट आलं. क्रेफिशच्या कवचातला ॲस्टाझँथिन नावाचा रंग खाण्यातूनच येतो, प्रोटीनशी बांधलेला असला की निळसर-मातकट दिसतो, सुटा झाला की लाल, म्हणूनच उकळला की खेकडा लाल होतो. त्यामुळे चांगल्या खाण्याने ऑरेंज अजून गडद होईल, ब्राऊनचा ऑरेंज काही होणार नाही. फूड मात्र चांगलंय, तुटून पडतात.

ज्यांना खरंच क्रॉस करून बघायचंय त्यांनी साधे ऑरेंज लहान असतानाच घ्या, नर-मादी ओळखता आले की लगेच वेगळे करा (नराला पोटाखाली, चालायच्या पायांच्या मध्ये पुढे वळलेल्या दांड्या दिसतात), आणि मग ठरवून जोडी लावा. प्रत्येक बॅचला वेगळा डबा आणि डब्यावर तारीख. आयुष्य दीड-दोन वर्षांचं, त्यामुळे दुसरी पिढी बघायला फार थांबावं लागत नाही.

एक अजून, पात्झक्वारो दोन हजार मीटरच्या वर आहे, थंड पाण्याचा प्राणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टँक तिशीला टेकतो, फॅन तरी लावाच. मी परत मागवणार ते डिसेंबरमध्ये आणि फक्त साडेतीनशेवाले.