वॅक्समन की झिमर: आधी कोणाला ऐकावं?

भाचीला चित्रपटसंगीत नीट ऐकायचंय. सुरुवात फ्रान्झ वॅक्समनपासून करू की हान्स झिमरपासून, यावर ती अडलीय. दोघेही मूळचे जर्मनीचे, दोघांनाही दोन-दोन ऑस्कर.

आयुष्य पाहिलं तर वॅक्समन (१९०६–१९६७) मला जास्त हलवतात. बँकेत नोकरी करत ते संगीत शिकले, बर्लिनमध्ये जॅझ वाजवू लागले. ज्यू असल्यामुळे १९३४ मध्ये नाझी गुंडांनी त्यांना रस्त्यात मारलं. ते पॅरिसमार्गे अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ला संगीत दिलं. पुढे ‘सनसेट बुलेव्हार्ड’ आणि ‘ए प्लेस इन द सन’साठी लागोपाठ दोन ऑस्कर! झिमर १९५७ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मले, पॉप बँडमधून सिंथेसायझर घेऊन सिनेमात आले.

ऐकायला झिमर सोपे. ‘इंटरस्टेलर’मधला चर्चचा ऑर्गन पहिल्याच फटक्यात पकडतो. पण चांगला हेडफोन हवाच. फोनच्या स्पीकरवर खर्ज हरवतो.

वॅक्समन यांची जुनी मूळ ध्वनिमुद्रणं पातळ वाटतात. त्यापेक्षा सत्तरच्या दशकात वाद्यवृंद-संचालक चार्ल्स गेरहार्ट यांनी नव्याने केलेली घ्यावीत. एकच धून वाद्यं एकापाठोपाठ कशी उचलतात, हे ऐकायला सवड लागते, पण पडद्याविनाही ते संगीत उभं राहतं. झिमरचं मला बऱ्याचदा दृश्यासोबतच पूर्ण वाटतं.

सिनेमा पाहता पाहता गोडी लावायची असेल तर झिमर. वाद्यवृंदाची रचना समजून घ्यायची असेल, तर वॅक्समन. भाची व्हायोलिन शिकते, म्हणून तिला मी वॅक्समन यांची व्हायोलिनसाठीची रचना ‘कार्मेन फँटसी’ आधी ऐकायला सांगितलीय.