सेंटिनेल-२ ची मोफत प्रतिमासेवा: जैसलमेरचा नकाशा करताना आलेला अनुभव

रत्नागिरीत भूगोल शिकवताना माझे उपग्रह-प्रतिमांचे काम आजवर कोकणापुरतेच होते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात वस्ती शोधायची म्हणजे हिरव्या रानातून घरे वेगळी काढायची. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी जैसलमेरच्या शहरी भू-आच्छादनाचा, म्हणजे जमिनीवर कुठे घरे, कुठे झाडी, कुठे उघडा खडक आहे याचा, विषय घेतला. त्या निमित्ताने आम्ही युरोपीय संघाच्या कोपर्निकस या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाची सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा देणारी सेवा चार महिने सलग वापरली. वाळवंटी शहराच्या कामासाठी ती कितपत उपयोगी आहे, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

सेवा पूर्णपणे मोफत आहे. केवळ नावनोंदणी करावी लागते. या मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडण्यात आला, आणि दोन उपग्रहांमुळे साधारण दर ५ दिवसांनी त्याच जागेची नवी प्रतिमा मिळते. संपूर्ण प्रतिमा उतरवून घ्यायची तर फाइल बरीच मोठी असते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे, ब्राउझरमध्येच नकाशावर चौकट आखून तेवढ्याच भागाचे हवे ते बँड (प्रकाशाच्या ठरावीक पट्ट्यात टिपलेल्या प्रतिमा) उतरवण्याची सोय आम्हाला फार मोलाची वाटली.

खरी कसोटी पुढे लागते. कोकणात बांधकाम ओळखण्यासाठी आम्ही जो निर्देशांक (बँडांच्या आकड्यांवरून काढलेली संख्या) सर्रास वापरतो, तो लघुतरंग अवरक्त आणि निकट अवरक्त या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन बँडांच्या फरकावर उभा आहे: झाडोरा निकट अवरक्त किरण जोरात परावर्तित करतो, सिमेंट आणि दगड तसे करत नाहीत. वाळवंटात मात्र कोरडी वाळू आणि उघडा खडकही निकट अवरक्तापेक्षा लघुतरंग अवरक्तात अधिक उजळ दिसतात, त्यामुळे शहराबाहेरचे मैलोगणती माळरान या निर्देशांकाच्या हिशेबी ‘बांधकाम’ ठरते. जैसलमेरमध्ये ही अडचण दुप्पट आहे, कारण किल्ला, हवेल्या आणि आजची अनेक घरेही तिथल्याच पिवळ्या दगडाची आहेत. घराची भिंत आणि गावाबाहेरचा खडक उपग्रहाच्या डोळ्याला जवळजवळ एकच दिसतात. जांभ्याच्या चिऱ्यांची घरे आणि शेजारची चिरेखाण एकाच रंगात पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

सुरुवातीला आम्ही एक तयार जागतिक भू-आच्छादन नकाशा घेऊन पाहिला. त्यात शहराच्या कडेचे खडकाळ पठार वस्तीत मोजलेले निघाले, आणि दोन आठवडे वाया गेले.

यातून वाट दाखवली ती याच सेवेच्या नियमित, जुन्या-नव्या प्रतिमांच्या साठ्याने, आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे मोल इथेच आहे. जैसलमेरला वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या काळात. तेवढ्यानेही सेवण गवतासारखे रान थोडे हिरवे होते आणि मग सुकते. घरांच्या छपरांवर मात्र असा ऋतुबदल दिसत नाही. म्हणून मे आणि सप्टेंबर या दोन्ही वेळच्या प्रतिमा वर्गीकरणात, म्हणजे कोणता तुकडा वस्ती आणि कोणता माळरान हे ठरवताना, एकत्र घेतल्यावर माळरान बऱ्याच अंशी बांधकामापासून सुटले. ज्यावर काहीच उगवत नाही असा खडक तरीही उरला. त्यासाठी याच ठिकाणी मिळणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमांचा आधार घेतला: सपाट वाळू रडारचा किरण दूर फेकते आणि काळी दिसते, तर जमीन आणि भिंत यांच्या काटकोनातून किरण उलट फिरतो आणि घरे उजळ दिसतात. खडकाळ उतारही कधीकधी तसेच चमकतात, म्हणून उंचीचा नकाशा सोबत ठेवावा.

मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. १३ बँडांपैकी केवळ ४ बँड १० मीटरच्या पिक्सेलचे आहेत, म्हणजे प्रतिमेतील एक ठिपका जमिनीवरचा १० मीटर बाजूचा चौकोन असतो; लघुतरंग अवरक्त बँड २० मीटरचे आहेत. किल्ल्यातील अरुंद गल्ल्या त्यात मावणे शक्यच नाही, त्यामुळे गल्लीबोळांचा अभ्यास करायचा असेल तर या प्रतिमा निवडू नयेत. शिवाय २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची पद्धत बदलली आणि पिक्सेलच्या आकड्यांत १,००० ची भर आली. ती वजा न करता जुन्या-नव्या प्रतिमांची तुलना केल्यास नसलेली वाढ दिसू शकते. ही नोंद सेवेच्या कागदपत्रांत आहे, पण नव्या विद्यार्थ्याच्या नजरेस ती सहज पडत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. सौर प्रकल्पांबाबतही सावध राहावे. फलोदीजवळचा भडला सौर प्रकल्प २,२४५ मेगावॉटचा आहे. अशा ठिकाणच्या गडद पट्ट्या वर्गीकरणात कधी पाणी ठरतात, कधी वस्ती. त्यांचा स्वतंत्र वर्ग करणे उत्तम.

एवढे सांभाळल्यास शहरपातळीच्या कामासाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन. पैसे भरून घेतलेल्या प्रतिमा अधिक बारीक असतील, परंतु एखाद्या लहान महाविद्यालयाला दर ऋतूची प्रतिमा विकत घेणे परवडणारे नाही.

मे महिन्यात रत्नागिरीभोवतालचे कातळसडेही (जांभ्याची खडकाळ पठारे) गवत जळून उघडे पडतात आणि जुन्या निर्देशांकात चक्क वस्ती म्हणून उमटतात. या वर्षी भातकापणी झाली की मेच्या आणि ऑक्टोबरच्या प्रतिमा शेजारी ठेवून, जैसलमेरवर वापरलेली हीच पद्धत त्या सड्यांवर लावायचे आम्ही ठरवले आहे.