फोनला जोडायचा छोटा कलरीमीटर: रीडिंग चोख, ॲपचा निकाल मात्र तपासून घ्या

कायनेटिक्सची, म्हणजे रिॲक्शनचा वेग मोजण्याची प्रॅक्टिकल्स घेणाऱ्यांना टायट्रेशनचा जाच वेगळा सांगायला नको. मिथाइल ॲसिटेटचं हायड्रोलिसिस लावायचं, ठरावीक वेळाने पाच मिली मिश्रण पिपेटने उचलायचं, बर्फाच्या पाण्यात सोडून रिॲक्शन मंदावायची, मग ब्युरेटशी झटापट. एन्ड पॉइंट येईतो पुढच्या रीडिंगची वेळ झालेली. एवढं करून हाती येतात सात-आठ बिंदू, आणि त्यातला एखादा हमखास रेषेबाहेर. म्हणून लॅबसाठी हा कलरीमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, घेतला. एक सत्रभर वापरल्यावर लिहिते आहे.

मुठीत मावेल एवढी काळी डबी, वर झाकण. आत एक सेंटिमीटरची चौकोनी क्युव्हेट (द्रावण भरायची पारदर्शक नळी) बसते. ४३०, ४७०, ५६५ आणि ६३५ नॅनोमीटरचे चार एलईडी आहेत, सेकंदाला एक रीडिंग ब्लूटूथवरून फोनवर येतं. मिश्रणाला हात न लावता किती उरलंय ते प्रकाशावरून ओळखायचं, ही युक्ती जुनीच. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मीने आम्लात साखरेचं विघटन किती वेगाने होतं ते पोलरीमीटरने असंच मोजलं होतं. फक्त त्याला डोळा लावून बसावं लागे, इथे आपण मोकळे.

क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड ही या डबीची हक्काची रिॲक्शन. जांभळा रंग हळूहळू उडतो आणि आलेख डोळ्यांदेखत खाली उतरतो. या रंगाचं सर्वाधिक शोषण ५९० च्या आसपास असतं आणि डबीत तो एलईडी नाही, पण ५६५ वर काम भागतं. ॲब्सॉर्बन्स (शोषणाचा आकडा) द्रावणातल्या रंगाच्या तीव्रतेच्या प्रमाणात बदलला की पुरे, शिखरच पकडलं पाहिजे असं नाही. मात्र एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, पट्टा बराच रुंद असतो. म्हणून आधी वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं करून पाहिली. ॲब्सॉर्बन्स १ च्या थोडं पुढे जाईपर्यंत रेषा सरळ, त्यानंतर वाकते. तेव्हा सुरुवात १ च्या खालीच करायची. सोबतच्या पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

रंग ०.००००१ मोलर आणि हायड्रॉक्साइड ०.०२ मोलर घेतलं. हायड्रॉक्साइड दोन हजार पट जास्त, त्यामुळे रिॲक्शन संपेपर्यंत ते जवळपास तेवढंच राहतं आणि जे बदलतं ते फक्त रंगाचं प्रमाण. अर्धा रंग जायला सुमारे साडेचार मिनिटं लागली, उरलेल्याचा अर्धा जायलाही तेवढीच. म्हणजे रंगाच्या बाबतीत फर्स्ट ऑर्डर: वेग रंगाच्या तीव्रतेच्या थेट प्रमाणात. मग हायड्रॉक्साइड ०.०४ केलं, तर तीच वेळ सव्वादोन मिनिटांवर आली. तीव्रता दुप्पट, वेग दुप्पट, म्हणजे हायड्रॉक्साइडचीही ऑर्डर १. दोन्ही वेळा मीठ घालून आयनांची एकूण मात्रा सारखी ठेवली होती. इथे विरुद्ध भाराचे आयन एकमेकांशी भिडतात, आणि भोवती इतर आयन वाढले की त्यांचा वेग घटतो. हे न पाळता फक्त हायड्रॉक्साइड वाढवलं तर ऑर्डर १ पेक्षा जरा कमीच दिसेल.

इथवर डबीला पूर्ण गुण. तक्रार आहे ती ॲपबद्दल.

ॲप वेळेसमोर तीन आलेख काढतं: ॲब्सॉर्बन्स, त्याचा लॉग आणि त्याचा व्यस्तांक. पहिला सरळ आला तर ऑर्डर शून्य, दुसरा आला तर १, तिसरा आला तर २. ज्याचा आर-स्क्वेअर (बिंदू सरळ रेषेच्या किती जवळ आहेत ते सांगणारा आकडा) सगळ्यात मोठा, ती ऑर्डर हिरव्या अक्षरांत झळकते. पोरांचे डोळे त्या हिरव्यावरच खिळतात. पण रिॲक्शन वीस टक्के झाल्यावरच थांबवली तर तिन्ही आलेख सरळच दिसतात, तिन्हींचा आर-स्क्वेअर ०.९९ च्या वर. मग निकाल ठरवतो तो रीडिंगमधला किरकोळ गोंधळ. निदान पाऊण रिॲक्शन होईपर्यंत तरी थांबायला हवं. ॲप मात्र कुठल्याही टप्प्यावर तितक्याच आत्मविश्वासाने निकाल देतं.

त्याहून वाईट म्हणजे एकाच रनवरून ते वेग समीकरणही लिहून मोकळं होतं, ‘वेग = के × ए’, ए म्हणजे रंगाची तीव्रता. हायड्रॉक्साइड कुठे गेलं? ते त्या ‘के’मध्ये दडलंय. तो खरा स्थिरांक नव्हेच, खरा स्थिरांक गुणिले हायड्रॉक्साइडची तीव्रता. दुसऱ्या अभिकारकाची तीव्रता भरायला ॲपमध्ये रकानाच नाही, दोन रन शेजारी ठेवून ताडून पाहायचीही सोय नाही. समीकरण प्रयोगातून काढायचं म्हणजे एक घटक बदलायचा, बाकीचे धरून ठेवायचे, आणि हे प्रत्येक घटकासाठी करायचं. नेमका हाच भाग ॲपने गिळलाय.

सगळ्यात गंमत आयोडीन-ॲसिटोनची. आम्ल आणि ॲसिटोन भरपूर, आयोडीन थोडं, एलईडी ४३० चा. ॲब्सॉर्बन्स पट्टीने ओढल्यासारखा सरळ खाली येतो आणि आयोडीन संपताच तळाला टेकून आडवा होतो. याचा अर्थ आयोडीन किती आहे याच्याशी वेगाला देणंघेणं नाही, त्याची ऑर्डर शून्य. ॲसिटोनचं इनॉल (त्याचंच वेगळ्या रचनेचं रूप) होणं हा मंद टप्पा, हॅलोजन त्यानंतर येतं. १९०४ मध्ये आर्थर लॅपवर्थने ब्रोमिनवर प्रयोग करून हेच ओळखलं होतं. आमचं ॲप काय करतं? तो आडवा भागही हिशेबात धरतं, आणि सरळ अधिक आडव्याला वक्र समजून ‘ऑर्डर १’ जाहीर करतं! आलेखावर बोट दाबून ओढलं की हवा तेवढाच भाग निवडता येतो, मग शून्य येतं. पण हे आम्ही अंदाजाने शोधलं.

तापमान धरून ठेवायची सोय नाही. सक्रियण ऊर्जा (रिॲक्शन घडायला लागणारी किमान ऊर्जा) मोलमागे ५० किलोज्यूलच्या आसपास असेल तर एका अंशाने वेग सुमारे ७ टक्के बदलतो, आणि चार्जिंगला लावून वापरली तर ही डबी कोमट होते. आम्ही बॅटरीवरच चालवतो, द्रावणं आधी एकाच पाण्याच्या टबात ठेवतो.

मिसळून झाकण लावेपर्यंत दहाएक सेकंद जातात. त्यामुळे काही सेकंदांत संपणाऱ्या रिॲक्शनचा नाद सोडा. ते स्टॉप्ड-फ्लो यंत्रांचं काम, ती मिलिसेकंदांत मोजतात. सोबतच्या क्युव्हेट पॉलिस्टायरीनच्या आहेत. तीव्र ॲसिटोनचा थेंब थेट पडला की भिंत धुरकट झालीच, तेव्हा ते आधी बाहेर पातळ करून मगच घालायचं. क्रिस्टल व्हायोलेट तर प्लॅस्टिकला चिकटून बसतो, इथेनॉलने विसळल्याशिवाय हटत नाही. काचेच्या दोन क्युव्हेट वेगळ्या मागवा.

फोनचा स्क्रीन बंद झाला की रेकॉर्डिंग थांबतं, हा वैताग वेगळाच. ग्राहक सेवेला लिहिलं, उत्तर आलं: स्क्रीन चालू ठेवा.

पाचपैकी साडेतीन. लॅबमध्ये चांगला स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल आणि विद्यार्थ्यांना तो वाट्याला येत असेल तर याच्या वाटेला जायचं कारण नाही. एका यंत्रापुढे वीस जण रांगेत उभे राहत असतील तर अशा चार डब्या घ्या. सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी ‘ऑटो फिट’ची खूण आहे, ती काढून टाका, डेटा स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या आणि तिन्ही आलेख पोरांनाच काढू द्या.