शहरातला जुना फ्लॅट की बेसा-बेलतरोडीचा नवा? नागपुरात पाण्याच्या बाजूनं तुलना

पैसे तेवढेच आहेत. त्यात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरच्या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं जुना दोन बेडरूमचा फ्लॅट येतो, नाहीतर शहराच्या हद्दीबाहेर बेसा-बेलतरोडीकडे लिफ्ट, पार्किंग, बाग असलेला तीन बेडरूमचा नवाकोरा. लोक दोन्हींची तुलना चौरस फुटांवर करतात, शाळेच्या अंतरावर करतात, मेट्रो किती लांब यावर करतात. पाण्याचं मात्र निघता निघता, चपला घालताना विचारतात. उत्तर ठरलेलं असतं: "बोअर आहे ना, भरपूर पाणी आहे, टेन्शनच घेऊ नका."

माझं मत आधीच सांगतो. नागपुरात मी एक खोली कमी घेईन, पण मनपाच्या मीटरचं पाणी असलेलं घर घेईन. फक्त हद्दीच्या आत म्हणजे नळ आलाच आणि बाहेर म्हणजे टँकर आलाच, इतकं ते सरळ नाही.

नळाचं पाणी: कुठल्या जलकुंभाखाली आहात?

शहराचं बहुतेक पाणी पेंच प्रकल्पाचं. मध्य प्रदेशच्या सीमेवर तोतलाडोह धरण, त्याच्या खाली पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचा जलाशय, तिथून पाणी गोरेवाडा-गोधनीच्या शुद्धीकरण केंद्रांत येतं आणि मग वस्त्यांमधल्या जलकुंभांत चढतं. दुसरा आधार कन्हान नदीचा. ढोबळमानानं पश्चिम आणि दक्षिण नागपूर पेंचवर, तर आशीनगर, सतरंजीपुरा, लकडगंज, नेहरूनगर हे झोन मुख्यतः कन्हानवर.

घर घेणाऱ्यानं हा फरक लक्षात ठेवावा, कारण दोन्हींची दुखणी वेगवेगळ्या ऋतूंतली आहेत. पेंचचं पाणी धरणाच्या साठ्यावर चालतं, म्हणून त्याचा जीव पाऊस लांबला की टांगणीला लागतो. वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवरच चौराई धरण झालं आणि तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. त्यात पावसानं ओढ दिली आणि जुलै २०१९ मध्ये मनपाला बुधवार, शुक्रवार, रविवार नळ बंद ठेवावे लागले. तोवर पाणीकपात ही नागपूरकराला मराठवाड्याची बातमी वाटायची. कन्हानचं उलटं. तिथला त्रास भर पावसाळ्यात, पुराबरोबर गाळ आणि कचरा आला की. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तेव्हा राख कोलार नदीवाटे कन्हानच्या दिशेनं गेली होती. पूर्व किंवा उत्तर नागपुरात घर घेत असाल तर पावसाळ्यातल्या गढूळ दिवसांची तयारी म्हणून घरात दोन दिवसांचं पिण्याचं पाणी धरून ठेवता येईल एवढी सोय हवी.

वितरणाचं काम २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर, म्हणजे ओसीडब्ल्यूकडे आहे, २५ वर्षांच्या करारानं. व्हिओलिया आणि विश्वराज यांनी मिळून उभी केलेली ही कंपनी. चोवीस तास पाण्याचा पहिला प्रयोग धरमपेठ झोनमध्ये झाला आणि पुढे सगळ्या शहराला तेच द्यायचं ठरलं. सगळं शहर तिथवर पोचलेलं नाही. एका जलकुंभाखाली दिवसभर पाणी आणि दोन गल्ल्या सोडून सकाळचे दोन तास, हे आजही दिसतं. म्हणून "नळ आहे का?" हा प्रश्न पुरेसा नाही. कुठल्या जलकुंभावरून, किती वाजता आणि मे महिन्यात किती दाबानं, असं विचारा. दलाल याचं उत्तर देणार नाही. तळमजल्यावर राहणारी काकू देईल.

जुन्या इमारतीत एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. पाणी यायच्या वेळी जा आणि मीटरच्या आसपास नजर टाका. मीटरच्या पुढे लाइनलाच जोडलेली छोटी मोटर, आपला टिल्लू पंप, दिसला की समजून जा की त्या लाइनला दाब नाही आणि शेजारीपाजारी एकमेकांचं पाणी ओढताहेत. हे बेकायदा तर आहेच, शिवाय लाइन कुठे फुटली असेल तर मोटर बाहेरची घाणही आत ओढते. टिल्लू नसेल आणि पाणी आपसूक सम्पमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, पडत असेल तर निम्मी परीक्षा पास. मग घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा तरीही सरकत असेल तर इमारतीची पाइप कुठेतरी गळते आहे आणि ते बिल उद्या तुमच्या नावानं येणार आहे. मागच्या वर्षभराची पाण्याची बिलं मागून घ्या. दर टप्प्याटप्प्यानं वाढत जातो, जास्त वापराला जास्त भाव, त्यामुळे गळतीचं पाणी नेमकं महागड्या टप्प्यात जाऊन बसतं. थकबाकी असेल तर ती रजिस्ट्रीच्या आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या.

बोअर: तळाशी काळा पाषाण

आता नव्या फ्लॅटकडे. बेसा, बेलतरोडी, पिपळा हा भाग मनपाच्या हद्दीबाहेरचा. तिथं पाण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनांवर. योजनेची पाइप रस्त्यापर्यंत आली असणं वेगळं आणि तुमच्या इमारतीला मंजूर जोडणी, मीटर, पुरेसं पाणी असणं वेगळं. विचारताना बिल दाखवा म्हणावं. बिल्डर योजनेचा फलक दाखवील. तो नको, बिल हवं.

जोडणी नसेल तर सगळा भार बोअरवर. नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलेलं आहे: पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेला जुना स्फटिकी खडक. दोन्हींत पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्यामुळे शेजारच्या इमारतीच्या बोअरला धो धो पाणी आहे, यावरून तुमच्या बोअरबद्दल काहीच कळत नाही. वीस फुटांवर भेग हुकते. आणि ऑक्टोबरमध्ये बघितलेलं बोअर हे बोअर नव्हेच. ते मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपाच्या भर उन्हात बघायचं.

गरज किती, ते मांडून बघू. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा रूढ हिशेब. चार माणसांचं घर म्हणजे ५४० लिटर, वीस फ्लॅटची इमारत म्हणजे १०,८०० लिटर. बोअर आटलं की रोज दहा हजार लिटरचा एक टँकर, आणि तरी थोडं कमीच. हा हिशेब कूलर न धरता. नागपुरातला मोठा डेझर्ट कूलर तासाला दहा-एक लिटर सहज पितो. दिवसाकाठी दहा तास चालवला तरी शंभर. वीस घरांत दोन-दोन कूलर धरले की चार हजार लिटर आणखी, आणि तेही बोअर तळाला गेलेलं असतानाच.

कूलरवरूनच पाण्याची परीक्षा होते. इमारतीच्या बाल्कन्यांत उन्हाळ्यात टांगलेल्या कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्यानं भिजणारे बाजूचे पडदे, बघा. मनपाच्या पाण्यावर ताट्या काळवंडतात, शेवाळतात. जड पाण्यावर त्यांवर पांढरा कडक थर चढतो, हात लावला तर भुगा पडतो. वारा त्यातून जात नाही आणि दर सीझनला ताट्या नव्या. तोच थर गीझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांत, वॉशिंग मशीनच्या आत बसतो, फक्त तिथं दिसत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा दोनशे-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर खिशात टाकून जा म्हणतात. जा, हरकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो. पण तो मीटर नायट्रेट, फ्लोराइड सांगत नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. आजूबाजूला सेप्टिक टँक असलेल्या दाट वस्तीत बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय लहान मुलाच्या घरात वापरू नये. आरओ लावला की झालं, हे उत्तरही अर्धं. घरगुती आरओ जेवढं पाणी देतं त्याहून जास्त मोरीत सोडतं, म्हणजे ज्या घरात पाणी कमी तिथंच ते जास्त वाया जाणार.

वीजही मोजा. वीस मजली टॉवर नाही, साधी पाच-सहा मजली इमारत धरू. पाणी ६० मीटर खोल, वर टाकी २० मीटर उंच. पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तर दहा हजार लिटर चढवायला पाच-साडेपाच युनिट लागतात. तेवढंच पाणी सम्पमधून टाकीत न्यायला दीड युनिटाच्या आत भागतं. फरक रोजचा आहे आणि तो मेंटेनन्समध्ये बसतो. सबमर्सिबल जळाली की वर्गणी वेगळी.

टँकर

यावर फार लिहिण्यासारखं नाही. टँकर ही सोय आहे, पुरवठा नव्हे. इमारत टँकरवर आहे का, हे कोणी सांगणार नाही, पण गेटजवळचे पेव्हर ब्लॉक सांगतात. भरलेला टँकर रोज वळतो तिथं ते खचलेले असतात. सम्पच्या झाकणाशेजारी गुंडाळून ठेवलेला जाड पाइपही बघा.

मधले लोक

सगळ्यात फसगत होते ती या दोन टोकांच्या मध्ये. पत्ता नागपूर, मालमत्ता कर मनपाचा, पण नळ नाही. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये मनपात आलं. पूर्वेला आणि दक्षिणेला गुंठेवारीतले शेकडो लेआउट आहेत. इथं हद्द आधी सरकते, जलवाहिनी मागून येते, आणि मध्ये किती वर्षं जातील ते कोणी लिहून देत नाही. अशा ठिकाणी घर किंवा प्लॉट बघताना नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे का, हा प्रश्न नागपूरकर सवयीनं विचारतोच. त्याला दुसरा जोडा: जलकुंभ उभा आहे का, आणि उभा असेल तर त्यात पाणी चढतं का? नुसता रंगवलेला जलकुंभ पाहून टोकन देऊ नका. त्याच लेआउटमधल्या एखाद्या घराचं चालू पाणीबिल बघायला मिळालं तर ठीक, नाहीतर ते घर बोअरचंच समजून भाव करा.

वीज आणि गडर

विजेत दोघांत फार डावं-उजवं नाही. महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्सचे विभाग २०११ ते २०१९ फ्रँचायझीकडे होते, आता सगळीकडे महावितरण. दर एकच, १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे एकच. फरक फक्त डीपीवर, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, किती भार आहे याचा, आणि तो मे महिन्यात रात्री दहाला कळतो. नव्या वस्तीत घरं भराभर वाढतात, डीपी तीच राहते. बोअरवाल्या इमारतीला याचा दुहेरी फटका बसतो, कारण वीज गेली की पाणीही गेलं.

गडरलाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीचं, वजन मात्र पाण्याइतकंच धरावं. शहरात गटार भांडेवाडीकडे जातं, शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला थंड करायला लागतं, आणि त्याच विजेवर आपला कूलर चालतो. नागपूरनं हे काम नीट केलं आहे, त्याचं कौतुक आपण कमी करतो. हद्दीबाहेर बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक. बोअर आणि सेप्टिक टँक एकाच प्लॉटवर किती अंतरावर आहेत, हे पायांनी मोजा. इमारतीचं स्वतःचं सांडपाणी केंद्र असेल तर ते चालू आहे का बघा. 

जुन्या शहराच्या विरोधात एक मुद्दा टाकायलाच हवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पश्चिम नागपुरातल्या चांगल्या चांगल्या वस्त्यांत पाणी शिरलं. नाग नदी किंवा तलावाखालच्या अंगाला घर घेताना सम्पचं झाकण जमिनीच्या पातळीवर आहे की दोन फूट उचललेलं, ते बघा. पुराचं पाणी एकदा सम्पमध्ये गेलं की मनपाचं शुद्ध पाणी त्याच्यावर पडून काही उपयोग नाही.

तरीही नवा फ्लॅटच घ्यायचा असेल तर

कारणं असतात. मिहानमध्ये नोकरी आहे, म्हातारे आईवडील आहेत आणि लिफ्ट हवीच आहे, तिसरी खोली लागणारच आहे. मग भाव करताना पाण्याची किंमत वजा करा. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीनं किती टँकर घेतले ते हिशेबाच्या वहीत मिळतं. तो आकडा फ्लॅटच्या संख्येनं भागा आणि पुढची दहा वर्षं धरा. पावसाचं पाणी गच्चीवरून बोअरकडे वळवलेलं आहे का ते बघा. नागपुरात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो लाखभर लिटर होतो, त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तरी दहा हजारांचे आठ टँकर. पाइप गच्चीवरून खाली येऊन नुसताच नालीत सोडलेला असेल तर ते कागदावरचं पुनर्भरण.

भाड्यानं राहणाऱ्याला एवढा विचार करायची गरज नाही. अकरा महिन्यांचा करार जुलैपासून केला तर पाण्याची खरी परीक्षा शेवटच्या तीन महिन्यांत येते. तोवर नवा फ्लॅट खुशाल उपभोगा, पण टँकरची वर्गणी घरमालक देणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्या.