फुग्यांची एअर बेड: घ्या, पण रात्री उठावं लागेलच
मेंदूला जबर मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी इंदुरात सहज मिळणारी ही गादी कामाची. पंपाने तिचे फुगे आळीपाळीने भरतात-उतरतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा (बेडसोर) कमी होतात. मात्र तिच्या भरवशावर कूस बदलणं सोडू नका. दर २ तासांनी, रात्रीसुद्धा. घरच्यांची झोप मोडते ती इथेच, पंप काही ती वाचवत नाही.

वर एकच सुती चादर, सैल. जाड गोधडी घातली की फुगे फुकट. माकडहाडाच्या जागी गादीखालून तळहात सरकवा. हाड टेकलं तर हवा कमी. वीज गेली की हवा उतरते, पंपाच्या नळ्या दुमडून बांधा. पोटात जाणाऱ्या नळीने अन्न भरवताना उसं ३० अंश उचललं की पेशंट घसरतो, कातडी ताणते. गुडघ्यांखाली उशी द्या. टाचा अधांतरीच हव्यात. वळवायला एकटंच माणूस असेल तर पाठीखाली आडवी घडीची चादर घालून ओढा.