२५० वॅट आणि सत्तरीचे गुडघे : बरेच महिने ई-सायकल चालवल्यावर

ई-सायकल घेताना जो तो एकच सांगायचा : २५० वॅटची मोटर चढावर दम टाकते. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मर्यादा तेवढीच आहे. भारतातही नोंदणी-परवान्याच्या भानगडीतून सुटायचं तर मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत हवा. अमेरिकेत ७५० वॅट चालतात, हे ऐकवायला तर कुणी विसरत नाही.

आता माझं मत असं की रमतगमत फिरणाऱ्या आमच्या वयाच्या माणसाला वॅट नडत नाहीत. हिशोबच मांडतो. मी ८० किलोचा, सायकल २५ किलोची. ८ टक्के चढावर ताशी १० किमीने जायला साधारण २६० वॅट लागतात. त्यातले सत्तर-ऐंशी माझे पाय अजून देतात. उरलेले मोटर बिनतक्रार देते, कारण २५० ही तिची अखंड चालण्याची क्षमता झाली. थोडा वेळ ती याच्या दुप्पटही जोर काढू शकते आणि तेही नियमात बसतं.

फरक पडतो तो मोटर कुठे बसवली आहे याने. चाकातली हब मोटर चाकाच्या वेगाला बांधलेली असते. चढावर वेग पडला की तिचेही फेरे पडतात आणि वीज जोर लावण्याऐवजी मोटर तापवण्यात जाते. माझी मोटर पेडलपाशी आहे. हलका गिअर टाकला की ती आपल्या सोयीच्या फेऱ्यांत राहते. कागदावर दोन्ही २५० वॅटच.

वेग ताशी २५ किमीच्या पुढे गेला की मोटरची मदत बंद होते, याचंही मला काही वाटत नाही. मी सोळा-अठराने जाणारा माणूस. (तरुण मंडळींबरोबर सपाटीवर निघालं की मात्र ते पुढे जातात आणि आपण २५ किलोचं धूड एकट्याने ओढत बसतो.)

खरा त्रास सुरुवातीच्या पहिल्या पेडलचा. युरोपच्या नियमानुसार पेडल मारल्याशिवाय मोटरने ढकलायचं नाही. सायकल हातात धरून चालताना ताशी ६ किमीपर्यंत मदत मिळते, तेवढीच. चढावर थांबलात की पुन्हा निघताना सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर येतो. पेडल फिरल्यावरच जागा होणारा सेन्सर असेल तर मोटर उशिरा येते आणि आली की धक्का देते. तोल सावरायला आधीच वेळ लागणाऱ्याला हे धोक्याचं आहे. पायाचा दाब ओळखणारा टॉर्क सेन्सर लगेच साथ देतो, पण दाब तर द्यावाच लागतो! अमेरिकेत ‘क्लास २’ प्रकारच्या ई-सायकलींवर थ्रॉटलने, म्हणजे पेडल न मारता हातानेच मोटर चालवून, ताशी ३२ किमीपर्यंत जाता येतं. मला ३२ नकोत, पहिली चार पावलं हवीत.

ब्रिटनने २०२४ मध्ये मर्यादा ५०० वॅट करावी का आणि थ्रॉटलला मोकळीक द्यावी का, यावर लोकांची मतं मागवली. पुढे दोन्ही बदल बाजूला ठेवले. ५०० वॅट नाकारल्याचं मला दुःख नाही. ती ताकद वापरायची म्हणजे बॅटरी लवकर संपणार, मग मोठी बॅटरी घ्या, आणि ते वाढलेलं वजन पायरीवरून उचलायचं आम्हीच. थ्रॉटलचा विचार मात्र वेगळा व्हायला हवा होता.

मर्यादा तोडणारी चिप बसवून देतो म्हणणारे भेटतात. बसवू नका. युरोप-ब्रिटनमध्ये मग ती कायद्याने सायकल उरत नाही, मोपेड ठरते, आणि अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न येतो.

घेणार असाल तर दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून ठरवू नका. चढावर न्या, मध्येच थांबा, दुखरा पाय पेडलवर ठेवून निघून बघा. आणि सीटवरून पाय अलगद पलीकडे जावा म्हणून मधला दांडा खाली असलेली फ्रेम घ्या; ती बायकांची, म्हणून नाक मुरडू नका.