काही महिन्यांच्या सोबतीनंतर ‘द प्रिन्सेस ब्राइड’

विल्यम गोल्डमन यांची १९७३ साली प्रसिद्ध झालेली ‘द प्रिन्सेस ब्राइड’ ही कादंबरी गेले काही महिने आमच्या घरात सतत वाचली जात आहे. आधी मी ती स्वतःसाठी वाचली, मग रोज रात्री भाचीला मराठीत सांगत सांगत पूर्ण केली आणि आता आवडीची प्रकरणे आम्ही पुन्हा पुन्हा काढतो. राजकन्या, समुद्री चाचे आणि वेषांतर यांची हलकीफुलकी गोष्ट हवी म्हणून मी हे पुस्तक घेतले होते. ते सगळे त्यात आहेच, परंतु पुस्तकाची खरी करामत दुसऱ्या वाचनात उलगडते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुढे कथेतील रहस्ये उघड होतील.

फ्लोरिन नावाच्या काल्पनिक राज्यातील बटरकप ही शेतकऱ्याची मुलगी. तिच्या घरी राबणारा वेस्टली नशीब काढण्यासाठी अमेरिकेला निघतो आणि त्याचे जहाज रॉबर्ट्स या चाच्याच्या हाती लागते. रॉबर्ट्स कोणालाच जिवंत सोडत नाही अशी त्याची ख्याती असल्यामुळे वेस्टली मेला असे समजून बटरकप राजपुत्र हम्परडिंकशी लग्नाला होकार देते. वेषांतर येथे राजकन्येचे नसून चाच्याचे आहे. तिच्या अपहरणकर्त्यांचा पाठलाग करणारा काळ्या पोशाखातील मुखवटाधारी हा वेस्टलीच असतो, आणि आता रॉबर्ट्सही तोच असतो.

हा ‘रॉबर्ट्स’ मला कादंबरीतील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. मूळ रॉबर्ट्स केव्हाच निवृत्त झालेला आहे. प्रत्येक वारसदार एका बंदरात सगळे जुने खलाशी उतरवतो, नवे भरतो, स्वतः दुय्यम अधिकारी म्हणून काही काळ जहाजावर राहतो आणि नव्या माणसाला सर्वांदेखत ‘रॉबर्ट्स’ म्हणून हाक मारतो. खलाशांचा विश्वास बसला की तो निघून जातो. लोक घाबरतात ते माणसाला नव्हे, नावाला, हे गोल्डमन एका छोट्या संवादात पटवून देतात. इतिहासातही बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाचा चाचा होऊन गेला. तो १७१९ साली ‘प्रिन्सेस’ नावाच्या जहाजावर अधिकारी असताना हॉवेल डेव्हिसच्या टोळीच्या ताब्यात सापडला, आणि डेव्हिस मारला गेल्यावर काही आठवड्यांतच त्याच टोळीचा कप्तान निवडला गेला. हे ठाऊक असेल तर कैद्याचा कप्तान होणे कादंबरीतही अतिशयोक्त वाटत नाही.

लेखक मधूनमधून कथा थांबवून स्वतः बोलतो. एस. मॉर्गनस्टर्न नावाच्या लेखकाचा जाडजूड ग्रंथ आपण फक्त ‘चांगले भाग’ ठेवून संक्षिप्त केला आहे, लहानपणी आजारी असताना वडिलांनी तो आपल्याला वाचून दाखवला होता, असे तो सांगतो. मॉर्गनस्टर्न, फ्लोरिन आणि तो ग्रंथ हे सर्व गोल्डमन यांनीच रचलेले आहे. हे व्यत्यय पहिल्या वाचनात कथेचा वेग रोखतात. मोठ्याने वाचून दाखवताना मात्र त्यांचा अर्थ लागतो, कारण मुलासमोर वाचणारा प्रत्येक जण कुठे काय गाळायचे, कुठे थांबून धीर द्यायचा, हे ठरवतच असतो. पहिल्या आवृत्तीत हा मजकूर लाल शाईत छापला होता, आणि तशी प्रत मिळाली तर वाचणाऱ्याची मोठी सोय होईल.

बटरकपच्या अपहरणकर्त्यांपैकी एक असलेल्या तलवारबाज इनिगो माँटोयाची पूर्वकथा मी एकही ओळ न गाळता वाचते. त्याच्या वडिलांनी सहा बोटांच्या उमरावासाठी घडवलेली तलवार, तिच्यापायी झालेला त्यांचा खून आणि त्यानंतर मुलाने वर्षानुवर्षे केलेली साधना यांना पुस्तकात मनसोक्त जागा मिळाली आहे. १९८७ च्या चित्रपटात ती मावणे शक्य नव्हते. हम्परडिंकचे पाच मजली भूमिगत प्राणिसंग्रहालयही तुम्हाला पुस्तकातच सापडेल.

माझी खरी नाराजी बटरकपबद्दल आहे. तिला पळवले जाते, सोडवले जाते, पुन्हा कैद केले जाते आणि तिच्या हाती फारसे काही येत नाही. सुमारे आठशे वर्षांपूर्वी सॅक्सो ग्रॅमॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने लॅटिनमध्ये नोंदवलेल्या दंतकथेत आल्फहिल्ड ही राजकन्या नको असलेले लग्न टाळण्यासाठी पुरुषी वेष करून समुद्रावर निघते, आणि नायक गमावलेले चाचे तिलाच आपली नायिका करतात. इतकी जुनी कथा नायिकेला जहाज देऊ शकते, तर इतक्या कल्पक लेखकाने बटरकपला निदान एक धाडस द्यायला हवे होते. भाचीनेही हाच प्रश्न विचारला, आणि त्यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

इंग्रजी सोपे आहे, वाक्ये मात्र कधी कधी पानभर लांबतात. साधारण दहा वर्षांच्या पुढील मुलांना हे पुस्तक झेपेल. वेस्टलीचे आयुष्य शोषून घेणाऱ्या यंत्राचा भाग मी थोडक्यात सांगितला, कारण त्यातील यातना खऱ्या वाटतात. चित्रपट आधी पाहिला असेल तर शेवटासाठी मुलांची तयारी करून ठेवावी, कारण कादंबरी पाठलाग सुरू असतानाच थांबते. त्या रात्री पुढे काय झाले असेल यावर बोलायला थोडा वेळ हाताशी ठेवणे चांगले.